ब्रेकवरचा उजवा पाय

बसला की त्याचा उजवा पाय चालू व्हायचा. ओट्यावर बसो, एसटीत बसो, कोणाच्या मयतीला बसो. टाच जमिनीला टेकलेली आणि चवडा खाली-वर, खाली-वर. जसा काही पुढं उतार लागलाय आणि गाडी आवरत नाही. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारच्याची कढी पत्रावळीत हिंदकळायची. कोणी म्हटलं, "पाय थांबव ना बे," तर म्हणायचा, "मी कुठं हालवून राह्यलो? तो त्याचा हालते."

असा माणूस तुमच्या गल्लीतही असेल, नीट पाहा. आमच्याकडं हा होता. अनसिंगजवळ आमचं गाव, आणि माझ्या दारासमोर त्याचं दार. कापसाच्या जिनिंगचा ट्रक चालवण्यात त्याची हयात गेली. स्वतःच्या नावावर सायकलसुद्धा नव्हती. पण दुसऱ्याची गाडी एका जागी दिसली की त्याला चैन पडायचं नाही. "उभी गाडी सडते," हे त्याचं बोलणं. लोक भेटल्यावर चहा झाला का विचारतात, हा हे म्हणायचा.

मी पण ड्रायव्हरच. काळी-पिवळी जीप चालवली, सवाऱ्या कोंबून. शाळा फार पाहिली नाही, म्हणून लिहितो ते सरळ लिहितो. जीप विकल्यावर एक जुनी कार घेतली. कंपनीनं ती बनवणं कधीच बंद केलं होतं, पण घेतली, कारण बायकोला पुढच्या सीटवर बसून जायची हौस होती. जीपच्या पुढच्या सीटवर नेहमी सवारी.

या गाडीचे ब्रेक मी घरीच उघडायचो. चाक काढणं, ड्रम काढणं, रबर बदलणं, हे एकट्यानं होतं. पण शेवटी ब्रेकच्या तेलाच्या नळीत शिरलेली हवा काढावी लागते, नाहीतर पॅडल नरम राहतं, आणि त्याला माणसं दोन लागतात. एकानं आत बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी झोपून छोटा नट ढिला करायचा. तेलासोबत बुडबुडे बाहेर येतात. नट आवळला की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत, मेहनत पाण्यात.

माझी आत बसणारी म्हणजे माझी बायको. चप्पल काढून बसायची, मांडीवर गव्हाचं ताट. मी खालून म्हणायचो, दाब. ती दाबायची. मी म्हणायचो, धर. ती धरायची, आणि हात गव्हातच. थोड्या वेळानं वरून आवाज यायचा, "अवो, सोडू का?" मी म्हणायचो, थांब वं, अजून नाही. तिच्या पायानं काढलेली हवा कधी परत शिरली नाही.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. दवाखान्याच्या चकरा याच गाडीनं झाल्या. ती गेल्यावर गाडी टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली, ती राहिलीच. मला घरात बसवत नव्हतं आणि बाहेर करमत नव्हतं. उठायचो, फाट्यापर्यंत जायचो, परत यायचो. भाकर टाकायचो, ती करपायची.

मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, बाबा, ती गाडी आता भंगारात द्या, तिचे ब्रेक लागत नाहीत, कुठंतरी जाऊन पडाल. खोटं नव्हतं. पॅडल पार तळाला जात होतं आणि मागच्या चाकातून तेल पाझरत होतं. मी त्याला म्हटलं, तिची बसायची जागा आहे ती, देणार नाही. तो मग म्हणाला, "दिवाळीत मी रेल्वेनं येतो. स्टेशनवर मला घ्यायला या, गाडी घेऊन. आले तर गाडी राहू द्या. नाही आले तर मी भंगारवाल्याला बोलावतो." मी हो म्हटलं.

हे मी समोरच्या दारातल्या शेजाऱ्याला सांगितलं नव्हतं. माझा आवाज मोठा, त्यानं त्याच्या ओट्यावर ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन शेडमध्ये उभा. गाडीला एक फेरी मारली, मागच्या चाकाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

"उभी गाडी सडते," म्हणाला. "जॅक कुठं हाय?"

चाक उघडलं. आतल्या सिलिंडरची रबरी टोपी फाटलेली. बोटाच्या पेरावर बसेल एवढी ती वस्तू, पण तिच्यापायी गाडी थांबेना. वाशिमच्या दुकानांतून एकच उत्तर आलं, काका, ही गाडी बंद झाली, आता हिचं काही येत नाही.

तेव्हापासून ती फाटकी टोपी त्याच्या खिशात गेली. रुमालाच्या टोकाला गाठ मारून. जो दिसेल त्याला गाठ सोडून दाखवायचा. भाच्याच्या साखरपुड्यात नवरदेवाच्या काकाला दाखवली, कारण तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो असं कोणीतरी म्हटलं. पोहरादेवीला गर्दीचा दिवस होता, तिथं मला ओढून नेलं. म्हणाला, एवढ्या गाड्या येतात, आपल्या जातीची एक तरी येईल. आली. झाडाखाली तशीच जुनी गाडी उभी होती. हा सरळ तिच्या खाली शिरला, पाय तेवढे बाहेर. गाडीवाला दर्शन घेऊन आला आणि पाहतो तर गाडीखालून दोन पाय, त्यातला एक हलतो आहे. तो ओरडणार एवढ्यात खालून आवाज आला, "भाऊ, मागचं रबर कुठून आनलं?"

गाडीवाल्यानं आधी शिव्या दिल्या, मग पत्ता दिला. कारंजा लाडला, कापसाच्या बाजारामागं एक जुनं दुकान.

गेलो. एवढंसं दुकान, छतापर्यंत खोकी. म्हातारा दुकानदार शिडीवर चढला आणि धुळीतून एक पाकीट काढलं. यानं ते नाकाला लावलं, बोटात रबर दाबून पाहिलं, जुन्या टोपीवर ठेवून पाहिलं. परत येताना एसटीत त्याचा पाय असा चालला, की पुढच्या बाईनं मागं वळून आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

बसवायच्या आधी त्यानं सगळं धुतलं. सिलिंडर, दट्ट्या आणि नवं रबर, सगळं डब्यातल्या डिझेलमध्ये. म्हणाला, धुतल्याशिवाय काही बसवू नये, ट्रकवर जिंदगीभर असंच केलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जीपचं काम मी गॅरेजवाल्याकडून करून घेत होतो, आणि घरी रबर टाकायचो ते कोरडंच पुसून टाकायचो.

हवा काढायला तो आत बसला. इथं सगळं फसत होतं. मी म्हणायचो धर, तो धरायचा, पण पाय त्याच्या हातात नव्हता. नट आवळायच्या आधीच चवडा वर. हवा परत आत. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा पकडला आणि पॅडलवर रेटून धरला, जसं काही अंगात आलेलं माणूस धरून ठेवलंय. बऱ्याच वेळानं पॅडल टणक झालं. त्या दिवशी आम्ही गाडी अनसिंगपर्यंत नेली आणि आणली. गावातून जाताना तो काचेतून हात बाहेर काढून बसला होता.

आठवडा बरा गेला. मग एक दिवस रस्त्यात गाडी जड झाली. ॲक्सिलेटर दिला तरी ओढेना. मागून जळका वास आला, आणि गाडी एका अंगाला ओढत पुलाच्या कठड्याकडं निघाली. कशीबशी उभी केली. ब्रेक न दाबताच मागचं चाक धरून बसलं होतं. ड्रमवर पाणी टाकलं तर चुर्र झालं. दिवाळी तोंडावर आली होती.

परत कारंजा. दुकानदारानं आमचं रबर नव्याशेजारी ठेवलं. आमचं भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलेलं.

"धुतलं कशात?" त्यानं विचारलं.

"डिझेलमंदी."

"काका, ब्रेकच्या रबराले डिझेल चालत नाही. फुगते आन् जाम होते. ब्रेक ऑइलच लावायचं."

"माह्या ट्रकले हवेचे ब्रेक होते, तेलाचे नाही," हा हळूच म्हणाला. दुकानदार दुसरं पाकीट काढायला शिडीवर चढला.

परतीच्या एसटीत मी खिडकीपाशी, तो माझ्या बाजूला. मंगरूळपीर मागं पडलं तरी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय, ते कळेना. मग खाली पाहिलं. त्याचा पाय थांबला होता. चप्पल जमिनीला चिकटून, जसा काही पाय त्याचा नाहीच.

मी म्हटलं, "काहून बे, पाय कायले थांबला?"

तो समोरच्या सीटच्या दांड्याकडं पाहत राहिला. "चाक उतारावर धरलं असतं तं तू गेला असता. माह्या हातानं."

"गेलो तं नाही ना."

"वैनी गेली, आन् तिच्या जागी मी बसलो. मले धड पाय धरता येत नाही आन् धड धुता येत नाही."

मी एवढंच म्हटलं, "हालव पाय. तू असा बसला का मले करमत नाही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. पाय लगेच नाही हलला. वाशिमचा स्टँड आला तेव्हा हळूहळू सुरू झाला.

या वेळी रबर ब्रेक ऑइलनं पुसलं. डिझेलचा डबा त्यानंच उचलून बाहेर ठेवला. पॅडल दाबून धरताना पहिल्यांदाच त्यानं वरून विचारलं, "सोडू का?" मी नट आवळत होतो. हातातला पान्हा क्षणभर तसाच राहिला. मग म्हटलं, थांब, अजून नाही. तो थांबला. गुडघा पकडून, दात आवळून थांबला.

दिवाळीत आम्ही स्टेशनवर गेलो. तो मागच्या सीटवर बसला. मी म्हटलं, पुढं ये. म्हणाला, पुढं वैनीची जागा हाय. आणि स्टेशनाआधीच्या उतारावर मी ब्रेक दाबला, तेव्हा त्यानंही मागून माझ्या सीटच्या पाठीवर पाय दाबला. गाडी जिथं थांबायची तिथं थांबली.

मुलगा बॅग घेऊन आला. पुढचं दार उघडलं, रिकाम्या सीटकडं पाहिलं, दार लावलं आणि मागं त्याच्या शेजारी जाऊन बसला. निघाल्यावर मला विचारलं, "बाबा, ब्रेक बरोबर लागतात का?"

मागून उत्तर आलं, "बापाले नको इचारू, मले इचार." भंगारवाल्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

संक्रांतीनंतर त्याची मुलगी त्याला नागपूरला घेऊन गेली. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, एकटं ठेवणं बरं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी तो शेडमध्ये आला तो एक काठी घेऊन. बाभळीची, तासून गुळगुळीत केलेली, बरोबर पॅडलवर टेकेल अशी. वरच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधलेल्या. पट्ट्या ताणून सीटखालच्या लोखंडाला अडकवल्या की काठी पॅडल दाबून धरते, आणि पॅडल खाली गेलं की तीही खाली जाते. त्यानं दोनदा करून दाखवलं.

"माह्यापेक्षा बरी हाय," म्हणाला. "हालत नाही."

मी म्हटलं, तुला इतकी घाई कशाची आहे. तो म्हणाला, गाडी उभी ठेवू नको, बस. फोनवर मुलीनं सांगितलं की तिथं चौथ्या मजल्यावर खुर्चीत बसून त्याचा पाय चालू असतो, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. उन्हाळ्यात तिचाच फोन आला. तो गेला, हे आवाजावरूनच कळलं. समोरचं दार आता कुलूप लावून बंद आहे.

परवा पॅडल पुन्हा नरम लागलं. चाक उघडलं, रबर बदललं, ब्रेक ऑइलनं पुसून. मग काठी लावली, पट्ट्या ताणल्या आणि चाकापाशी आडवा झालो. काठी धरते, चांगली धरते. नट ढिला केला, बुडबुडे आले, तेल आलं. वरून काही विचारणं नाही. पान्हा हातात घेऊन मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो, आणि मग नट आवळायच्या आधी मीच खालून म्हटलं, "थांब, अजून नको सोडू."