गावाकडून आलेली बेल

कॉल संपवून परत आलं की आमच्या फायर स्टेशनवर आधी पाण्याचे होज धुवायचे, मग बूट. धुण्याच्या ओट्यावर ओळीने बसून बूट घासताना माणसं जे बोलायची, त्याचेच पुढे किस्से झाले. मुद्दाम कोणी जपून ठेवले नाहीत. टिकायचे ते टिकले, बाकीचे पाण्याबरोबर नालीत वाहून गेले. आता रिटायर झाल्यावर आम्ही जुने लोक भेटलो की तेच परत निघतात. हसत सुरू होतात आणि मध्येच कोणीतरी विषय बदलतं.

मी देशकर. घर मूळचं नागपूरचं. वडील सरकारी ऑफिसबरोबर भोपाळला आले, मी टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो आणि सरकारी कारखान्याच्या फायर ब्रिगेडमध्ये ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर म्हणून लागलो. कारखाना, त्याला लागून टाउनशिप, आणि टाउनशिपची भिंत संपली की लगेच शेतं. गहू, हरभरा, नंतर सोयाबीन. त्या गावांना जवळची लाल गाडी म्हणजे आमचीच!

गावाकडून पहिली बेल, म्हणजे मदतीचा कॉल, आला तो आगीचा नव्हताच. मळणीच्या थ्रेशरमध्ये माणूस अडकला होता. आम्ही पाण्याची गाडी घेऊन गेलो, फोमचे डबे घेऊन गेलो, आणि खळ्यावर जाऊन उभे राहिलो. काशीराम नावाचा माणूस, कोपरापर्यंत हात मशीनच्या आत. कोणी म्हणे ओढा, कोणी म्हणे मशीन उलटं फिरवा. गॅस कटर लावावा तर सगळीकडे भुसा, एक ठिणगी पुरे. शेवटी कारखान्यातून फिटर आणवला, त्याने एकेक बोल्ट खोलला. तोपर्यंत काशीराम फक्त पाणी मागत होता.

जीव वाचला. हात गेला.

ऑपरेशन करून मुळे मॅडम बाहेर आल्या. टाउनशिपच्या हॉस्पिटलमधल्या सर्जन, इंदूरच्या मराठी घरातल्या. मी व्हरांड्यात बसलो होतो. समोर उभ्या राहून म्हणाल्या, "देशकर, तुम्हाला आग विझवता येते. माणूस सोडवता येतो का?"

मी म्हणालो, "नाही, मॅडम."

"मग शिकू या," त्या म्हणाल्या. "मलाही नाही येत."

* * *

भंगारातला एक थ्रेशर आणून आम्ही ड्रिलच्या मैदानात उभा केला. जुन्या बॉयलर सूटमध्ये भुसा भरून माणूस तयार केला. आमचा लीडिंग फायरमन राठौर, सहा फुटी गडी. त्याने त्या भुशाच्या माणसाचं नाव ठेवलं जीजाजी. का, तर तो आला की सगळ्यांना धावपळ करावी लागते!

रोज सकाळी जीजाजींचा हात मशीनमध्ये घालायचा आणि सोडवायचा. आधी इंजिन बंद, मग पट्टा उतरवायचा, मग झाकणाचे बोल्ट. मशीन उलटं फिरवायचं नाही, हात ओढायचा नाही. मॅडम ओपीडीच्या आधी येऊन उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "पट्टा! आधी पट्टा!"

जीजाजी ओरडू शकत नाहीत म्हणून ते काम राठौर करायचा. मशीनमागे बसून असा काही कळवळायचा की नव्या पोरांच्या हातातला पाना खाली पडायचा. मॅडमना तेच हवं होतं.

मैदानाच्या कडेला क्वार्टरची मागची दारं होती. एक दिवस राठौर फारच मनापासून ओरडला. आणि आमच्याच कंट्रोल रूमचा फोन वाजला. पलीकडून एका बाईंचा घाबरलेला आवाज: "जल्दी आइए! मैदान में एक आदमी मशीन में फँसा है! और सुनिए, वहाँ फायरवाले खड़े हैं, सब के सब तमाशा देख रहे हैं!"

* * *

विहिरीचा किस्सा निघाला की राठौर अजूनही उठून आत जातो.

आम्ही वर्गात शिकवायचो की विहिरीत कोणी बेशुद्ध पडलेला दिसला तर आधी वरच्यांना धरा. विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर डिझेल इंजिन ठेवलेलं असतं, त्याचा धूर खाली साचून राहतो. एक उतरतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. शिकवताना सगळे माना डोलवायचे.

त्या दिवशी दोघे सख्खे भाऊ होते. थोरला इंजिन बघायला खाली गेला आणि हाकेला ओ देईना. मॅडमना घेऊन आम्ही पोचलो तेव्हा धाकट्याने एक पाय आत टाकलेला होता. राठौरने धावत जाऊन त्याला कमरेत मिठी मारली आणि मागे ओढलं. धाकटा पोरगा तगडा. त्याने लाथा मारल्या, बुक्के मारले, शेवटी राठौरच्या खांद्याला कडकडून चावला.

"छोड़ दे! मेरा भाई है नीचे!"

"है," राठौर म्हणाला. "इसीलिए नहीं छोड़ूँगा."

आमची दोन माणसं श्वासाचे सिलिंडर बांधून उतरली आणि थोरल्याला वर घेऊन आली. मॅडमनी तिथेच मातीत गुडघे टेकून खूप प्रयत्न केले. खूप वेळ केले. मग हात थांबवले. राठौरची मिठी तेव्हा सुटली. धाकटा त्याच्या तोंडावर थुंकला आणि भावाजवळ जाऊन बसला.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांची आई स्टेशनवर आली. बरोबर धाकटा, मान खाली. राठौर उभा राहिला, पण त्याच्याने वर बघवेना. म्हातारीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"यहाँ काटा था इसने?"

"जी, अम्मा."

तिने मुलाला पुढे ढकललं. "पैर छू इनके." मग राठौरकडे बघून म्हणाली, "एक तो घर लौटा."

* * *

अपघात झाला की माणसापेक्षा गर्दी सांभाळणं कठीण. नाल्याच्या उतारावर ट्रॅक्टर उलटला होता, चालवणाऱ्याचा पाय मडगार्डखाली. भोवती सगळं गाव. आम्ही लाकडी ठोकळे रचत होतो, म्हणजे जॅकने थोडं उचलायचं, खाली ठोकळा सरकवायचा, परत थोडं उचलायचं. घाई केली तर ट्रॅक्टर पुन्हा अंगावर बसायचा. पण गर्दीला दम नव्हता. सगळ्यांत मोठा आवाज होता एका मिशीवाल्या माणसाचा. "क्या कर रहे हो? हटो, हम सब मिलके उठा देंगे!" दहाजणांना घेऊन तो पुढे सरसावला.

मॅडमनी आपली छत्री त्याच्या हातात दिली. "भाईसाहब, इनके चेहरे पर धूप नहीं आनी चाहिए. ये काम आपका. जब तक मैं न कहूँ, हिलना मत."

माणूस एकदम शांत झाला. छत्री धरून उभा राहिला. ऊन सरकलं की छत्री सरकवायचा. मागून कोणी ढकललं तर तोच ओरडायचा, "पीछे! पीछे रहो!" आम्हाला नंतर कळलं, तो त्या जखमीचा मोठा भाऊ होता.

पाय मोकळा झाला, स्ट्रेचर गाडीत गेलं, मॅडम बरोबर गेल्या. पाय वाचला. आम्ही जॅक, ठोकळे, दोर गोळा करत होतो. वळून बघतो तर हा गृहस्थ तिथेच! खाली रिकामी जमीन, थोडं रक्त, त्यावर छत्री धरलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात हलत नव्हता.

मला म्हणाला, "साहब, अब छोड़ दूँ?"

* * *

आमचा ड्रायव्हर चौबे म्हणजे सोवळ्याचा माणूस. कँटीनचं पाणीसुद्धा प्यायचा नाही. घरून स्टीलचा डबा यायचा, त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

एका गावात चारा कापायच्या यंत्रात एका सासुरवाशिणीची बोटं गेली. मॅडमनी शिकवलं होतं की तुटलेली बोटं ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायची, पिशवीत घालायची, पिशवी बर्फात. बोटांना बर्फ थेट लागू द्यायचा नाही. फडकं होतं, पिशवी होती. रस्त्यावर उसाच्या रसवाल्याकडे बर्फही मिळाला. बर्फ ठेवायचा कशात? चौबेने एका हाताने स्टिअरिंग धरून ठेवलं, दुसऱ्या हाताने डबा मागे सरकवला. "पराठे बाहर फेंक दो," एवढंच म्हणाला.

दोन बोटं जोडता आली, एक नाही आलं.

घरी चौबेने डब्याचं खरं सांगितलं नाही. पण टाउनशिपमध्ये गोष्ट लपते कुठे! दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "उस डब्बे में अब खाना नहीं जाएगा." चौबेला वाटलं, तिला किळस आली. त्याने मान हलवली, वाद घातला नाही.

संध्याकाळी पूजेला बसला तर देवांच्या शेजारी डबा. घासून लख्ख केलेला, वर हळदकुंकू!

* * *

मग मॅडम म्हणाल्या, गावात जाऊन शिकवायचं. आपण पोचेपर्यंत जे होतं तेच खरं. आणि त्यांचा हट्ट, वर्गाला बायका पाहिजेत. "अहो देशकर, दिवसा खळ्यावर कोण असतं? पेंढ्या कोण उचलून देतं?"

एका गावात हरिनारायणजींच्या अंगणात वर्ग भरला. गावातलं मोठं घर. म्हातारे स्वतः पुढे खाटेवर, मागे मुलं आणि गावातले पुरुष, आणि पार भिंतीशी हनुवटीपर्यंत घुंघट ओढून बायका. हात ओढायचा नाही, पट्टा उतरवायचा, हे सांगून मी डिझेल इंजिन बंद करायचा खटका दाखवला. मॅडम म्हणाल्या, आता बायकांपैकी एकीने करून दाखवा. कोणी उठेना.

हरिनारायणजी हसले. "मैडम, हमारे यहाँ बहुएँ बड़ों के सामने बोलती तक नहीं. ये इंजन बंद करेंगी?"

"बोलना नहीं है, बाबूजी," मॅडम म्हणाल्या. "बस, हाथ लगाना है."

मग भिंतीजवळून एकजण उठली. त्यांची धाकटी सून, गीता. चालत आली, खटका ओढला, इंजिन बंद पडलं. परत जाऊन बसली. तोंड कोणाला दिसलं नाही.

गव्हाच्या दिवसांत त्याच गावातून बेल आली. चौबेने गाडी शेतातूनच घातली. खळ्यावर पोचलो, बघतो तर थ्रेशरला अडकलेले खुद्द हरिनारायणजी. गमछा ओढला गेला आणि त्यामागे हात.

इंजिन बंद होतं. पट्टा उतरवलेला होता. कोणी ओढत नव्हतं.

म्हाताऱ्यांना पाठीमागून दोन्ही हातांनी कवळून गीता उभी होती. त्यांचा सगळा भार तिच्यावर, डोकं तिच्या खांद्यावर. घुंघट केव्हाच मागे पडलेला. आणि ती बोलत होती. थांबतच नव्हती. "बाबूजी, आँख मत मूँदो. बाबूजी, हिलना नहीं. देखो, गाड़ी आ गई. वो लोग आ गए. बस, अब हो गया, बाबूजी..."

तिचा नवरा मला सांगत होता, "साहब, हम दोनों भाई हाथ खींच रहे थे. ये चिल्लाई, हाथ मत खींचो! दौड़के इंजन बंद किया, हमसे पट्टा उतरवाया. साहब, ब्याह के बाद पहली बार बाबूजी ने इसकी आवाज़ सुनी है."

आम्ही झाकण खोललं. राठौर, मी आणि दोन पोरं. मैदानात जसं केलं होतं तसंच. हात चेचला होता, पण जागेवर होता. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "वाचेल. चला लवकर."

स्ट्रेचर गाडीत चढवलं. मॅडमनी गीतालाही आत घेतलं. ती सासऱ्यांच्या डोक्याशी बसली. तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. दारात मोठा दीर, मागे सरपंच, मागे सगळं गाव. तिने पटकन पदर ओढला, हनुवटीपर्यंत. आणि गप्प झाली.

चौबेने गाडी सुरू केली. हरिनारायणजींनी डोळे उघडले. सुनेकडे बघितलं नाही, तिच्याशी बोलायचा रिवाज नव्हता. मॅडमकडे बघितलं. ओठ कोरडे पडले होते, शब्द नीट फुटत नव्हते.

"मैडम," ते म्हणाले, "बहू से कहिए... बोलती रहे."