हॉलंडच्या बिऱ्हाडाची दुभाषी

सासरी आल्यावर सहाव्या महिन्यात मी पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले, आणि तेही इंग्रजीत. यात माझा काही दोष नव्हता. दोष होता शेजारच्या काकूंच्या विरलेल्या लुगड्याचा.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. त्या साली आषाढ कोरडा चालला होता. भर दुपारी घोडेगावच्या फाट्याकडून एक गोरं जोडपं चालत शनिशिंगणापुरात शिरलं. दोघांच्या पाठीवर डोक्याच्याही वर गेलेली बोचकी, आणि बाईच्या बोचक्याला बाहेरून पातेली, तवा आणि दोन मग टांगलेले. पावलागणिक ती भांडी वाजत होती. परगावचे लोक आमच्याकडे शनिवारी यायचेच, पण ते तेल आणि नारळ घेऊन. भांडी वाजवत यायची ती फक्त बोहारीण, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. काकूंनी बाईच्या रंगाकडे पाहिलंच नाही, भांड्यांकडे पाहिलं. घरातून लुगडं आणून तिच्या हातात ठेवलं. बाईला वाटलं, काय ही माणसं, ओळख नसताना आहेर करतात. तिने हात जोडले, लुगडं खांद्यावर टाकलं आणि चालू लागली. मग काकूंनी मागून पातेलं धरलं.

ओढाओढ बघायला अर्धं गाव जमलं. कुणीतरी म्हणालं, अहो, त्यांची नवी सून अकरावीपर्यंत शिकलीय, तिला बोलवा. मी उंबऱ्यात उभी होते. आमच्या गावात कुणाच्याच घराला दार नाही, त्यामुळे दाराआड लपायची सोयही नव्हती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, नुसती मान हलवून ‘जा’ म्हणाले. मी पदर सावरून पुढे झाले आणि ‘मॅडम, धिस इज नॉट गिफ्ट, धिस इज बिझनेस’ असं म्हणाले. आमचे हे ओट्यावर दाढी करत होते. बायकोचा आवाज त्यांनी इतका खणखणीत पहिल्यांदाच ऐकला. गालावर वस्तरा लागला तो त्याच वेळी.

जोडपं हॉलंडचं निघालं. त्यांचं इंग्रजीही आमच्यासारखंच दुसऱ्याकडून घेतलेलं, म्हणून आमचं छान जमलं. पाठीवर बिऱ्हाड घेऊन ते दोघं वर्षभर देश बघत फिरत होते आणि बिनदाराच्या घरांचं गाव ऐकून आले होते. आमच्या अंगणात दोन दिवस राहतो म्हणाले. राहिले दहा दिवस, कारण साहेबाने पहिल्याच जेवणात ठेचा चटणीसारखा न खाता भाजीसारखा खाल्ला. पुढचे चार दिवस गावाने त्याला फक्त टमरेल घेऊन पळताना पाहिलं.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी श्रीगोंद्याची. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात असताना माघात लग्न झालं आणि मॅट्रिकची परीक्षा राहिली ती राहिलीच. वडिलांनी लग्नात मामंजींना विचारलं होतं, पोरीला ऑक्टोबरात बसू द्याल का. मामंजी म्हणाले होते, ‘बघू.’ फॉर्म भरायची मुदत पंधरा दिवसांवर आली तरी ते बघतच होते. सुनेने सासऱ्याला विचारायची पद्धत नव्हती. मी यांच्या मागे लागले. हे रोज सकाळी छाती काढून वडिलांपुढे जायचे आणि बैलाला पेंड घालू का, एवढं विचारून परत यायचे. मला तर यांचा इतका राग यायचा की भाकरी थापताना परातीचा आवाज शेजारी जायचा. ती परीक्षा हुकली तर आपली शाळा कायमची संपली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मामंजींना आम्ही सगळेच भ्यायचो. बोलायचे फार थोडं, आणि मिशा अशा की हसले तरी कळू नये. तरुणपणी ते नगरच्या लष्करी कॅम्पात कामाला होते, एवढंच मला माहीत होतं. कॅम्पात माणसं घोडे धुतात अशी माझी समजूत. त्यामुळे पाहुण्यांच्या ताटाशी त्यांनी उजव्या हाताला चमचा मांडला आणि पंच्याची पंख्यासारखी घडी घालून ठेवली, तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी माणसाला काय काय सुचतं.

पहिली अडचण तंबूची झाली. साहेबाने अंगणात तंबू ठोकला आणि मडमेने आत जाऊन चेन ओढून घेतली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हरकत घेतली. चेन म्हणजे दारच की. अख्ख्या गावाला दार नाही आणि आपल्याच अंगणात दार, हे शनिदेवाला चालेल का? चार शहाणी माणसं बोलावली. त्यांनी चेन वर-खाली करून पाहिली. एकाने तर वीसेक वेळा केली. दारच आहे असं ठरलं. मी मडमेला सांगितलं, ‘नो डोअर. गॉड अँग्री.’ बिचारी दोघं तंबू उघडा टाकून झोपली. सकाळी आमची शेळी आत सापडली. तिने त्यांचा नकाशा नगरपासून पुण्यापर्यंत खाल्ला होता.

त्यावरून दोघं कडाकडा भांडली, सगळ्यांसमोर, उभ्याने. आत्याबाईंनी विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, शेळीचं कौतुक करतायत. दुभाष्याचं काम असं हळूहळूच बिघडतं. भाकरी गळ्यात अडकते असं मडम म्हणाली, ते मी ‘लई गोड लागते’ करून सांगितलं. ही गोरी उन्हात नीट भाजली नाही वाटतं, असं काकू म्हणाल्या, ते मी ‘यू आर व्हेरी ब्यूटिफुल’ केलं. त्यांचा देश समुद्रापेक्षा खाली आहे हे मला नीट सांगता आलं नाही. गावात कळलं ते असं, की त्यांचा देश बुडाला. बायका दोन दिवस मडमेकडे हळहळत बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, येताना थोडं पाणी तरी आणायचं.

सगळ्यात मोठा तमाशा विहिरीवर झाला. साहेब स्वतःचे आणि बायकोचे कपडे धुवायचा आणि बायको शेजारी बसून वहीत काहीतरी लिहायची. गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन दिवसातून चारदा विहिरीवर जाऊ लागल्या. पुरुषांनी तिकडचा रस्ता सोडला. तिसऱ्या दिवशी आमचे हे गोठ्यामागे स्वतःचा रुमाल धुताना आत्याबाईंना सापडले. आत्याबाई मलाच बोलल्या.

शनिवारी साहेबाला अंघोळ घालून, ओलं भगवं वस्त्र नेसवून चौथऱ्यावर नेलं. त्याने शनिदेवाला तेल घातलं. ते ओलं वस्त्र त्याला उन्हात इतकं आवडलं की पुढे तो गावभर तसाच हिंडायचा. मडम खालीच उभी राहिली. बायकांनी चौथऱ्यावर चढायचं नाही अशी तेव्हाची रीत होती. जेवताना तिने मामंजींकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाली, ‘व्हाय नॉट मी? आस्क हिम.’

सगळे माझ्याकडे बघत होते. मला का नाही. हा प्रश्न गेले सहा महिने माझ्याच तोंडात होता. मी मामंजींकडे पाहिलं आणि शहाणपणाने वागायचं सोडून दिलं. मी म्हणाले, ‘मामंजी, मडम विचारतेय, सुनेला परीक्षेला का बसू देत नाही?’

आमच्या यांना ठसका लागला. आत्याबाई म्हणाल्या, हिला काय करायचंय आमच्या सुनेचं? मामंजींनी आधी मडमेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. मिशा थोड्या हलल्या.

‘तिला सांग, इचार करतो,’ ते म्हणाले.

मी मडमेला सांगितलं, ‘ही विल थिंक.’ ती तर हरखून गेली. इतका पुढारलेला म्हातारा आपण अख्ख्या देशात पाहिला नाही म्हणाली आणि उठून तिने मामंजींचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. त्यानंतर दर जेवणाला ती मला विचारायची, ‘हॅज ही डिसायडेड?’ मी मामंजींना विचारायची, मडम म्हणतेय ठरलं का. यात मला काही बदलावंही लागत नव्हतं. माझं काम एक परदेशी बाई दिवसातून दोनदा न कंटाळता करत होती, जे माझ्या नवऱ्याला सहा महिन्यांत जमलं नव्हतं.

मग मंगळवारी मामंजी अचानक म्हणाले, श्रीगोंद्याला जातो, बैल बघायला. बैल बघायला माणूस घोडेगावच्या बाजारात जातो, बाजार शेजारीच भरतो. श्रीगोंद्याला माझं माहेर. म्हातारा माझ्या वडिलांना सांगायला निघाला की पोरगी फार बोलते, घेऊन जा. दोन दिवस मला घास गेला नाही. मडमेने गोळी दिली, तीही घेतली. गुरुवारी मामंजी आले ते बैलाशिवाय. आत्याबाईंनी जाण्या-येण्यातल्या उधळपट्टीवरून त्यांना संध्याकाळपर्यंत ऐकवलं.

शुक्रवारी पाहुणे निघाले. काकूंचं लुगडं मडमेने नेसलं होतं आणि तवा काकूंकडे राहिला होता. मामंजींनी गाडी जुंपली, फाट्यापर्यंत दुभाषी म्हणून मला घेतलं. एसटीची वाट बघत उभं असताना मडमेने शेवटचं विचारलं, ‘हॅज ही डिसायडेड?’ मी तोंड उघडणार, तोच मामंजींनी हात वर करून मला थांबवलं. ताठ उभे राहिले, टाचा जुळवल्या, आणि म्हणाले, ‘मॅडम, टेंपल नॉट इन माय हँड. व्हेरी सॉरी. हर एक्झॅम, इन माय हँड.’

मडम म्हणाली, ‘व्हॉट एक्झॅम?’

मला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. मामंजींनी कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. माझ्या श्रीगोंद्याच्या शाळेतला परीक्षेचा फॉर्म होता, खाली हेडमास्तरांची सही. म्हणाले, ‘सही कर. उद्या परत बैल बघाया जायाचंय.’ पेन नव्हतं. मडमेने वहीतलं काढून दिलं. साहेब पाठीवरच्या बोचक्यासकट वाकून उभा राहिला आणि त्याच्या बोचक्यावर कागद ठेवून मी सही केली. ती वाकडी आली, कारण मी रडत होते. एसटी हलली तरी मडम खिडकीतून, कसली परीक्षा, असंच विचारत होती.

परतताना मीच विचारलं, मामंजी, तुम्हाला इंग्रजी येतं हे घरात कुणालाच कसं माहीत नाही?

‘कॅम्पात धा वर्सं सायबांच्या मेसमधी वाढपी हुतो,’ ते बैलांकडे बघत म्हणाले. ‘वाढप्यानं समदं ऐकायचं आस्तं, बोलायचं न्हाई. सुनंवानी.’

पुढे ओढ्याच्या उतारावर त्यांनी कासरा आवळला, मागे वळून पाहिलं, आणि या वेळी हसले ते मिशांतूनही दिसलं.

‘पर पोरी, इंग्रजीच्या पेपरात मातर त्यांनी जे लिवलं आसंल, त्येचाच अर्थ लिव.’