मनकर्णाबाईंचे नी-पॅड

शाळेच्या शिपाईणबाईंवर कोण कशाला चार ओळी लिहील? मी लिहितोय, आणि तेही काही मोठ्या मनानं नाही. लाज वाटते म्हणून लिहितोय. लई वर्षं ती लाज पोटात दाबून ठेवली, आता नाही राहवत.

मी बद्रीनाथ. शहरातल्या एका मुलींच्या शाळेत पीटीचा मास्तर होतो. मनकर्णाबाईंचा नवरा त्याच शाळेत रखवालदार. तो गेला तेव्हा संस्थेनं बाईंना त्याच्या जागी घेतलं. झाडलोट करायची, घंटा द्यायची आणि सकाळी मैदानाला पाणी मारायचं. आमचं मैदान मुरमाचं. पाणी मारून झालं की बाई पदर खोचून उकिडव्या बसायच्या आणि व्हॉलीबॉलच्या कोर्टातले खडे वेचायच्या. एक एक करून. मी चिडवायचो, "ओ बाई, मैदान आहे ते, तांदूळ निवडायला बसल्यासारखं काय करताय?" त्या मान वर न करता म्हणायच्या, "पोरी पडत्यात सर. टोचतं." वेचलेले खडे फेकायच्या नाहीत, कट्ट्यावर ठेवायच्या. पोरींची मॅच लागली की दर पॉइंटला एक खडा इकडं, एक खडा तिकडं. अक्षर ओळख नव्हती, पण माझ्या वहीतला स्कोअर चुकायचा, बाईंचा कधी नाही.

आता माझं सांगतो. मी शेंद्र्याकडच्या खेड्यातला. आमच्याकडं शूटिंग खेळतात. जाळी व्हॉलीबॉलसारखीच, पण जागेवर पाय रोवून उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी बॉल ठोकायचा. बॉलमागं जमिनीवर झेप घेणारा आमच्यात येडा ठरायचा. मी पंचक्रोशीतला नावाजलेला शूटर. त्या जोरावर नोकरी लागली, आणि मुलींना व्हॉलीबॉल शिकवायची वेळ आली तेव्हा मी शूटिंगचंच डोकं घेऊन उभा राहिलो. माझा ठाम सिद्धांत होता, गुडघ्याला पॅड बांधलेला खेळाडू मनातून घाबरट. असला बिनडोक माणूस मी, आणि पोरी मला देव मानायच्या.

त्या पोरींत यमुना नावाची एक होती. शेंद्र्याहून एसटीनं यायची, दहावीला होती. अंगानं काडी, पण बॉल जमिनीला टेकू द्यायची नाही. तिला मी झेप घ्यायला शिकवलं नव्हतं, तिची तीच घ्यायची. गुडघे कायम सोललेले. जिल्ह्याच्या सामन्यांतून पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी मुली निवडणार होते, आणि यमुनाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तिचा बाप कारभारी शाळेत येऊन मला स्पष्ट बोलून गेला होता, "सर, निवड झाली तर शिकू द्या तिला, माझी ना नाय. नाय झाली तर यंदा उरकून टाकतो. स्थळ बसलंय दारात." म्हणजे पोरीचं सगळं त्या एका सामन्यावर होतं, आणि हे मला पुरतं ठाऊक होतं.

सामन्याच्या आधी सामान घ्यायला मी शहागंजात तात्यासाहेबांच्या दुकानात गेलो. उचलायला मनकर्णाबाई बरोबर. मोठ्या तोऱ्यात निवड केली. बॉल बोटानं ठोकून कानाशी नेला, शिवण अंगठ्यानं चेपून बघितली, चार नापसंत केले. जाळी नायलॉनची, वरच्या पट्टीत तार असलेली. बनियनवर संस्थेचं नाव छापायला सांगितलं, मागं मोठ्या अक्षरात. तात्यासाहेब म्हणाले, "मास्तर, आणि नी-पॅड? मुली डाइव्ह मारतात ना?"

"आमच्या पोरी शेतकऱ्याच्या आहेत, तात्यासाहेब. गुडघे घट्ट असतात त्यांचे," मी म्हणालो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. मला बरं वाटलं.

तेवढ्यात मागं ठक ठक आवाज आला. बघतो तर मनकर्णाबाईंनी खुंटीवरचं नी-पॅड काढून मुठीवर चढवलं होतं आणि खाली बसून ती मूठ फरशीवर आपटत होत्या. "सर, बघा ना, लागत नाय!" म्हणून पुन्हा आपटली. "आत मऊ हाय. यमुनीला घेऊ या."

सगळं दुकान बघायला लागलं. माझी कानशिलं तापली. मी दात खाऊन म्हणालो, "ठेवा ते जागेवर. आणि उठा आधी." बाईंनी ते उलटंपालटं करून नीट बघितलं, आतली शिवण बोटानं चाचपली, आणि खुंटीला अडकवलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी बाई कापडी पिशवी घेऊन आल्या. आत नी-पॅड. सहा पोरींचे सहा जोड. जुनी वाकळ फाडून तिचे थर एकावर एक टाचलेले, वरून स्वतःच्या लुगड्याचं फुलाफुलांचं कापड, आणि पायात चढवायला मोज्याचे तुकडे. वाळूजच्या कारखान्यात जाणाऱ्या शेजाऱ्यांकडून जुने मोजे मागून आणले होते. नावं लिहिता येत नव्हती म्हणून प्रत्येकीचा दोरा वेगळा. यमुनाचा हिरवा. आठ दिवस शाळा सुटल्यावर बसून शिवलं म्हणे. पोरींनी हरखून तिथंच घालून बघितले. यमुना तर मुद्दाम गुडघ्यावर पडून दाखवायला लागली. मी घाईत होतो, काही बोललो नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, निदान "छान झालेत" एवढं तरी.

मैदान दुसऱ्या शाळेचं होतं. समोरच्या संघाच्या मुलींचे पॅड काळे, एकसारखे, दुकानातले. आमच्या पोरी फुलाफुलांचे गुडघे घेऊन उतरल्या आणि प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अरे, गोधड्या बांधून आल्यात!" हशा पिकला. खुर्चीत आमच्या संस्थेचे सचिव काकासाहेब बसलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं हो! तेवढ्यानं माझं टाळकं फिरलं.

मी कोर्टात गेलो. "काढा ते. सगळ्यांनी. आत्ताच्या आत्ता."

यमुना म्हणाली, "सर, राहू द्या ना. मैदान लई कडक आहे."

"काढ म्हणतो ना! इज्जत घालवता का शाळेची?"

पोरींनी खाली बसून पॅड काढले. मी ते गोळा करून माझ्या बॅगेत कोंबले. मनकर्णाबाई पाण्याची बादली घेऊन कडेला उभ्या होत्या. त्यांना सगळं दिसत होतं. त्या परक्या मैदानावरचे खडे बाईंनी वेचलेले नव्हते.

दुसऱ्या सेटला आम्ही एका पॉइंटनं पुढं होतो. समोरून बॉल लांब कोपऱ्यात आला आणि यमुनानं झेप घेतली. बॉल उचललासुद्धा. निवड करणारे साहेब लोक टाळ्या वाजवत होते, आणि यमुना उठत नव्हती. मी धावलो. गुडघा बघितला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. गुडघ्याची वाटी फुटली होती. पोर रडत नव्हती. "सर, बॉल गेला का पलीकडं?" विचारत होती. गेला होता. पॉइंट आमचाच होता.

तिला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं आणि काकासाहेब माझ्यापुढं आले. "बद्रीनाथ, त्या मुलींना पॅड आहेत. आपल्या मुलींना का नाहीत? उद्या तिचा बाप येऊन बसला तर काय सांगू मी?" त्या फुलाफुलांच्या कापडाला पॅड म्हणतात हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

माझी बॅग माझ्या पायाशी होती. चेन उघडून दाखवायचा अवकाश होता. सांगायचं होतं की होते साहेब, मीच काढायला लावले, मी गाढव आहे. पण माझ्या तोंडून काय निघावं?

"होते साहेब. शिपाईणबाईंकडं दिले होते. त्या आणायच्या विसरल्या."

असं बोललो मी. माझ्या पोरी पाच हातांवर उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. एकीनं तोंड उघडलं, तिच्यावर मी डोळे वटारले. काकासाहेबांनी बाईंना हाक मारली. "काय हो बाई, खरं आहे का?"

मनकर्णाबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही, त्याचाच तर त्रास होतो. मग बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "व्हय साहेब. इसरले."

पंधरा दिवसांत त्यांची बदली संस्थेच्या वाळूजच्या शाळेत झाली. मैदान सुटलं, तिथं नुसते संडास आणि व्हरांडे. मी एकदा बसस्टॉपवर त्यांना गाठलं. चेहरा पाडून विचारलं, "बाई, का असं केलंत?" त्या म्हणाल्या, "तुमच्यावर आलं आसतं तर त्यांनी टीमच बंद केली आसती. पोरींचा खेळ मोडला आसता. आता तेवढे पॅड घिऊन द्या त्यांना." बस आली आणि त्या चढून गेल्या.

यमुनाचा पाय तीन महिने प्लास्टरमध्ये होता. निघाला तेव्हा गुडघा पुरता वाकत नव्हता. निवड दुसरीचीच झाली, आणि कारभारींनी बोलल्याप्रमाणं पुढच्या वर्षी लग्न उरकलं. माझ्याच शाळेच्या पत्त्यावर पत्रिका आली. मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं?

मी पॅड घेतले. तात्यासाहेबांकडूनच घेतले. पुढं माझी एकही मुलगी उघड्या गुडघ्यानं कोर्टात उतरली नाही, आणि गंमत बघा, मुलींची काळजी घेणारा शिक्षक म्हणून जिल्ह्यात माझाच सत्कार झाला. हार घालून घेतला मी, निर्लज्जासारखा. बाईंनी शिवलेले सहा जोड माझ्या घरी ट्रंकेत तळाशी होते. बायकोनं एकदा विचारलं तर तिच्यावरही खेकसलो.

तेरा वर्षांनी मनकर्णाबाई वाळूजच्या शाळेतून निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मला भाषणासाठी बोलावलं. या वेळी मी ठरवूनच निघालो. ते पॅड ट्रंकेतून काढले, कापडी पिशवीत घातले. सगळ्यांसमोर पिशवी उलटी करायची आणि काय ते सांगून मोकळं व्हायचं. स्कूटरवर वाटभर वाक्यं घोकत होतो.

हॉल भरलेला. बाई पुढच्या खुर्चीत, नवं लुगडं, डोक्यावर पदर. शेजारी कोण बसलंय म्हणून बघितलं तर यमुना. तिचा नवरा वाळूजच्याच कंपनीत, बाईंच्या गल्लीतच राहायची, हे मला तिथं कळलं. एक पाय सरळ ताठ पुढं काढून बसली होती. माझ्याकडं तिनं बघितलं, आणि मग माझ्या हातातल्या पिशवीकडं.

माझ्या आधी तिथले मुख्याध्यापक बोलले. कौतुक केलं, आणि शेवटी हसत हसत म्हणाले, "आमच्या बाईंची एकच चूक रेकॉर्डवर आहे. एकदा पोरींचे नी-पॅड आणायला विसरल्या, आणि संस्थेनं त्यांना आमच्याकडं पाठवलं. त्यांची ती चूक आमच्या पथ्यावर पडली!" सगळा हॉल खदखदून हसला. बाईही तोंडावर पदर धरून हसल्या.

मीसुद्धा हसलो. लोकांबरोबर, दात काढून हसलो.

मग माझं नाव पुकारलं. माइकपुढं उभा राहिलो, पिशवी हातात, आणि घोकलेलं एक वाक्य आठवेना. खोटं कशाला बोलू, आठवत होतं. जीभ उचलेना. बाई कष्टाळू होत्या, बाई प्रामाणिक होत्या, त्यांना उदंड आयुष्य लाभो, असं बोलून खाली उतरलो. टाळ्या पडल्या. खाली बाईंनी मला हात जोडले, म्हणाल्या, "सर, आता पोरी पॅड घालत्यात ना?"

"घालतात बाई."

"मंग झालं."

चहा-फराळाची गडबड सुरू झाली तसा मी बाहेर सटकलो. पायऱ्या उतरतोय तोच मागून हाक आली, "सर." यमुना कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होती, ताठ पाय आधी, दुसरा मागून.

"पिशवीत काय आहे, सर?"

मी पिशवी पाठीमागं नेली. तिनंच हात घातला. फुलाफुलांचं कापड बाहेर आलं, एक, दोन, तीन. हिरव्या दोऱ्याचा जोड सापडेपर्यंत ती शोधत राहिली. तो हातात घेऊन अंगठ्यानं वाकळ दाबून बघितली. अजून मऊ होती.

"आज तरी सांगाल वाटलं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी तेवढ्यासाठीच आले होते. येता का आत, का मी सांगू?"

मी मान खाली घातली. ती थोडा वेळ थांबली, खरंच थांबली होती, मला वेळ देत होती. मग माझ्या हातातली पिशवी तिनं काढून घेतली आणि एक एक पायरी चढत परत आत गेली.

मी स्कूटरपाशी पोहोचलो, किल्ली लावली. आत लोकांचा गलका, कपबशांचा आवाज चालू होता. मग तो सगळा एकदम थांबला. मी किक मारली.