बाबांनी ओढलेला दांडा

इंजिन नसलेलं विमान हवेत उलटं करता येतं, यावर आमच्या सर्वण गावात कुणाचा विश्वास बसायचा नाही. मी ग्लायडर शिकवते म्हटलं की लोक इंजिन कुठे असतं ते विचारत, आणि नसतंच म्हटलं की माझ्या आईकडे कीव करून बघत. त्यांना काय समजावणार! नाक खाली घालून वेग घ्यायचा आणि दांडा मागे ओढायचा. अंगाचं वजन तिप्पट-चौपट होतं, गाल लोंबतात, डोळ्यांपुढचे रंग फिके पडतात. कोलांटीच्या माथ्यावर पोचलं की सगळं एकदम हलकं होतं. शेतं डोक्यावर, आभाळ पायाखाली आणि वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नाही. त्या दोन-तीन क्षणांपायी मी घाटापलीकडच्या शहरात अर्धं आयुष्य काढलं. लग्न राहून गेलं, त्याचंही फारसं काही वाटलं नाही.

धोका होताच. इंजिन नसल्यामुळे उतरताना चुकलं तर पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी घेता येत नाही. जमिनीजवळ वेग गेला की ग्लायडर धोंड्यासारखं पडतं. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून घोकून घ्यायची, आणि माझ्या हातून कधी काही होणार नाही असं मला मनापासून वाटायचं.

बाबांनी डिचोलीच्या खाणीवर तीस वर्षं पोकलेन चालवलं, म्हणजे माती उपसण्याचं ते मोठं यंत्र. त्यातही दांडेच असतात. उजव्या हाताचा दांडा मागे ओढला की यंत्राचा लोखंडी हात वर उठतो, पुढे ढकलला की खाली जातो. डिचोलीत त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही, असं ट्रकवाले म्हणायचे. खाणी बंद पडल्या आणि बाबा घरी बसले. घरात त्यांना करमेना. आईच्या प्रत्येक भाजीत खोट काढायला लागले. एकदा मी सुट्टीवर आले होते तेव्हा म्हणाले, "जल्मभर खड्ड्यात बघलंय बाय. एकदा वयल्यान बघूक होया."

वरून जमीन दाखवायला मी त्यांना आणि आईला माझ्याकडे नेलं. उडायच्या दिवशी त्यांना पुढच्या सीटवर बसवून पट्टे आवळले आणि बजावलं, की समोरच्या दांड्याला हात लावायचा नाही, तो माझ्या दांड्याला जोडलेला आहे. मग विचारलं, "सकाळी खाल्लंत ना?"

"खाल्लंय गो," ते म्हणाले.

खाल्लं नव्हतं. सगळं सुखरूप होऊ दे म्हणून त्यांनी ग्रामदेवतेला नवसाची आंगवण केली होती, की जमिनीवर परत पाय लागेपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. आईला ठाऊक होतं. पण आंगवणीची गोष्ट अशी बोलून दाखवायची नसते, म्हणून तिने तोंड उघडलं नाही. उपाशीपोटी, पाण्याविना असल्या कसरतीत माणूस बेशुद्ध पडू शकतो हे त्या दोघांना कोण सांगणार होतं? मीच. आणि मी फक्त "खाल्लंत ना" एवढंच विचारलं.

जमिनीवरच्या यंत्राने दोर गुंडाळत आम्हाला वर खेचलं, दोर सुटला. घारी जिथे घिरट्या घालत होत्या तिथे गरम हवा सापडली आणि आम्ही चांगलेच उंच गेलो. बाबा लहान मुलासारखे बोलत होते. मग म्हणाले, "तू तां विमान गरगर उलटां करतंस, तसा एकदा कर मरे." पहिल्यांदा बसलेल्या माणसाला घेऊन कोलांटी घ्यायची नाही हा नियम मीच दुसऱ्यांना शिकवायची. पण बापाला आपलं कसब दाखवायची हौस मला आवरली नाही.

एकच कोलांटी घेतली. बाहेर येताना त्यांची मान पुढे पडलेली मला मागून दिसली. "बाबा!" मी ओरडले. उत्तर नाही. मी तशीच धावपट्टीकडे वळले आणि उतरायला लागले. सगळं ठीक चाललं होतं. जमीन माडाएवढी खाली राहिली असताना बाबांना शुद्ध आली. डोळे उघडले तर समोरून जमीन अंगावर येत होती. त्यांनी पोकलेनवरच्या माणसाने करायचं तेच केलं. दांडा धरला आणि वर उचलायला म्हणून सगळ्या जोराने मागे ओढला.

मी मागून दोन्ही हातांनी पुढे ढकलत होते. ते जास्त ताकदवान होते. नाक वर गेलं, वेग संपला आणि आम्ही पडलो.

माझं मनगट मोडलं. बाबांचा कणा मोडला, कमरेखालचं अंग गेलं. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "भिया नको. मी वर घेतलंय म्हणान वाचलंव."

चौकशीत मी सारी चूक माझी म्हणून लिहून दिलं. ते खोटंही नव्हतं. काही महिन्यांनी क्लबने मला परत शिकवायला बोलावलं, पण मी गेले नाही. दांड्याला हात लावायचा विचार केला तरी बाबांचा तो जोर हाताला आठवायचा.

गेली दोन वर्षं मी सर्वणात त्यांचं करते. हळर्णचा मामा, वाळपईचे नातेवाईक, जो येईल त्याला बाबा ती हकिकत सांगायचे, दांडा कसा ओढला ते हात करून दाखवायचे. शेजारचे एक गृहस्थ माझ्या तोंडावर म्हणाले, "बायल मनशाक विमान दिल्यार आणिक कितें जातलें." बाईच्या हाती विमान दिल्याचा तो टोमणा मी गिळून गेले. बाबांच्या अंगात उरलेली चालती गोष्ट तेवढीच होती, ती मी कशी काढून घेऊ?

गेल्या महिन्यात एका सकाळी मी त्यांना कुशीवर वळवून पाठ पुसत होते. ते म्हणाले, "बाय, त्या दिसा मी दांडो ओढूक नसतो, तर काय झाला असता?"

"दोगांय मेलो असतो," मी म्हटलं.

मी फडका पिळून आणेपर्यंत त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपले.

"मगे तू उडवचा कित्याक सोडलंस?"

उडणं का सोडलं ते सांगायच्या ऐवजी मी पुसलेली पाठ पुन्हा पुसत राहिले.

संध्याकाळी मामा आला, सोबत त्याचे नवे व्याही. बसल्या बसल्या मामा म्हणाला, "भावोजी, ती विमानाची गजाल सांगा मरे ह्यांका."

बाबांनी भिंतीकडे मान वळवली. "माका काय आठवणा नाय," म्हणाले.

मी चहा टाकायला आत गेले.