मागच्या सीटवरचे मास्तर

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना सगळे पाठीमागे 'भोंगा' म्हणत. यात खरं तर भोंग्याचा अपमान होता. तो निदान बटण दाबल्यावरच वाजतो. शिकाऊ माणसाचा पाय क्लचवरून सुटायच्या आधीच मास्तरांचा आवाज सुटलेला असे. "पाय आहे की ओंडका?" ही त्यातल्या त्यात प्रेमळ सुरुवात. आपण ओरडतो म्हणूनच गावातली माणसं धडधाकट घरी पोहोचतात, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

अशी समाजसेवा करता करता एक दिवस आवाजच बसला. स्वरयंत्रावर गाठ निघाली. छोटंसं ऑपरेशन करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता काही आठवडे पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नको."

"काहीच आठवडे?" बायकोने विचारलं. हे काळजीपोटीच विचारलं असणार, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली.

तोंडाला कुलूप लागलं आणि घराला कंठ फुटला. बाप दिसताच दार लावून घेणारी लेक बैठकीत बसून मैत्रिणीशी खिदळू लागली. बायको भांडी घासताना गुणगुणू लागली. तिला सूर आहे, हे मास्तरांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं, कारण आजवर मध्ये त्यांचाच सूर लागलेला असे.

एका दुपारी वाचनालयातल्या बाई भेटायला आल्या. मास्तरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. मास्तर आतल्या खोलीत पडले होते. त्यांना झोप लागली आहे असं समजून बाई मोकळेपणाने बोलल्या.

"लायसन्स मिळालं हो, पण गाडी नाही चालवत. स्टिअरिंगला हात लावला की मास्तरांचाच आवाज कानात घुमतो. मग बसनेच जाते."

"तुम्हाला लायसन्स तरी मिळालं," बायको म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी चौकात गाडीतून उतरले आणि चालत घरी आले."

तो चौकातला प्रसंग मास्तर लोकांना आजवर विनोद म्हणून सांगत आले होते. लोक हसायचेही. बायको तेव्हा स्वयंपाकघरात का जाते, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. त्या दुपारी केला. दुसरं काही करता येत नव्हतं, हेही कारण होतंच.

मौन सुटेपर्यंत मास्तरांचा कायापालट झाला होता, निदान त्यांच्या मते. पहाटे उठून व्यायाम करायचा, बासरी शिकायची, कोणावर ओरडायचं नाही आणि बायकोला गाडी शिकवायची, असे चार संकल्प त्यांनी जाहीर केले. पहाटेचा संकल्प पहिल्याच पहाटे झोपेत वारला. बासरीतून फक्त फुंकर निघाली. शेजाऱ्यांनी देवाचे आभार मानले. राहिले दोन.

"शिकेन," बायको म्हणाली, "पण तुम्ही मागे बसायचं."

"अगं, मागे बसून कोणी शिकवतं का? उंटावरून शेळ्या हाकायच्या?"

"मग राहू द्या."

मास्तर मागे बसले. पुढे त्यांच्याच स्कूलमधली एक मितभाषी शिक्षिका, पायाखाली जादा ब्रेक घेऊन. गाडी मैदानात निघाली, अडखळली, बंद पडली. मास्तरांनी ओठ दाबले. पुन्हा बंद पडली. मास्तर जांभळे झाले. तिसऱ्यांदा गाडी थेट कचराकुंडीला टेकली.

"समोर बघत नव्हतीस का?" मास्तरांनी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं.

"आरशात बघत होते."

"आरशात काय आहे?"

"तुमचं तोंड."

मास्तरांनी पुढे वाकून आरशात पाहिलं. एक शब्दही न बोलता तिथे कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होतं. मग मास्तरांनी बूट काढले आणि ते मागच्या सीटवर सरळ आडवे झाले.

"आता दिसतोय का?"

"नाही."

"मग चल."

पुढचं सगळं शिक्षण असंच झालं. मास्तरांना फक्त विजेच्या तारा, गच्च्या आणि झाडांचे शेंडे दिसत. कोणीतरी पेशंटला दवाखान्यात नेतंय असं वाटून सिग्नलला लोक वाट देत. बायको मात्र हळूहळू गाणं गुणगुणत गाडी चालवू लागली, आणि परीक्षा पास झाली. दुसऱ्याच रविवारी ती लेकीला घेऊन बहिणीकडे गेली. मास्तरांना कोणी विचारलं नाही. गाडीत आडवं व्हायला जागा नव्हती म्हणे.

स्कूलमध्ये ते आता ओरडत नाहीत. म्हणजे, फार ओरडत नाहीत. जित्याची खोड, ऑपरेशनने फक्त गाठ निघते. "ओंडका" तोंडात येतो, तेव्हा ते खिडकी उघडून बाहेरच्या रिक्षावाल्याला ऐकवतात.

धीर एकवटून एकदा ते वाचनालयातही गेले. म्हणाले, "बाई, चुकलंच माझं. पुन्हा शिकवतो. मागे झोपून शिकवतो, हवं तर."

बाईंनी पुस्तकावर शिक्का मारला, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी आदराने म्हणाल्या, "मास्तर, इथे हळू बोलायचं असतं."

मास्तर हळूच निघून आले. बाई अजून बसनेच जातात.