पाचवं पाळलं, तिसरं राहिलं

माझ्या नवऱ्याने दारू सोडली म्हणून आमच्या वस्तीने त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. आंबागडाच्या पायथ्याशी आमची वस्ती. पौर्णिमेला सगळे विहारात जमत. ज्याने दारू टाकली त्याने उभं राहून पाचवं शील, म्हणजे दारूपासून दूर राहण्याचं, एकट्याने मोठ्याने म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत. मग हार आणि खीर. ते उभे राहिले तेव्हा माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

ते जंगलात बांबू तोडायचे, मी घरी विड्या वळायची. बाजाराला तुमसरला गेले की आधी मोहाची दारू, मग बाजारामागच्या बायकांकडे. साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. जाणती माणसं मला समजवायची, की पोरी, तो वाईट नाही, दारूच त्याला तिकडे ओढत नेते; ती सुटली की तेही सुटेल. मलाही पटलं. न पटून जाते कुठे?

दारू सुटली, अगदी खरी सुटली. हातापायाला कापरं भरायचं, घास उतरत नव्हता, तरी पिणाऱ्यांच्या बैठकीवरून ते मान वळवून जायचे. बाजार मात्र वाढले. आता बाजार नसलेल्या वारीही काही ना काही निमित्त निघायचं. कधी कुऱ्हाडीचा दांडा, कधी आईचं औषध. शुद्धीत जात, शुद्धीत येत. पूर्वी निदान म्हणता यायचं, प्यायले होते. आता काय म्हणू, माझं कपाळ?

मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना हात आपोआप चालतात, डोळे मोकळे असतात. मी त्यांच्याकडे बघत राहायची. दारूच्या दिवसांत गुत्त्यावर जायच्या आधी जी तगमग व्हायची, तीच आता व्हायची. दारापर्यंत जायचं, परत यायचं, लेकरांवर उगाच खेकसायचं. जाऊन आले की दोन-चार दिवस नुसती लाडीगोडी, मग मान खाली. मला कळलं, जाणत्यांचं चुकलं. दारू त्यांना बायकांकडे नेत नव्हती. दोन्हीकडे नेणारी ती तगमगच होती, आणि तिच्याबद्दल कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

एका दुपारी ते सदरा चढवत होते. मी सूप बाजूला ठेवलं आणि दारात जाऊन उभी राहिले. भांडले नाही. माझा स्वभाव बघता हेच नवल.

"तुम्ही पाचवं पाळून राहिले," मी म्हटलं, "मंग तिसरं कोण पाळन? आज मले सांगा. नाही तं मी लेकरं घेऊन माहेरी चालली एकोडीले."

तिसरं शील व्यभिचारापासून दूर राहण्याचं. ते सदरा काढून खाली बसले. म्हणाले, "मले जायचं नसते. जीव थाऱ्यावर राहत नाही म्हणून जातो. दारू होती तवा तिच्यावर ढकलता तरी येत होतं."

लग्नानंतर इतकं खरं ते पहिल्यांदा बोलले. माझा संताप गेला नव्हता, तरी मी माहेरी गेले नाही. ठरलं एवढंच, की बाजार मी करायचा, आणि तगमग उठली की त्यांनी मला सांगायचं, लपवायचं नाही. सांगितलं तर शिव्या देणार नाही, असं मी कबूल केलं.

ते सांगायचे. मी हातात पानं कापायची कात्री द्यायची. बांबूवर चालणारा तो हात, विडीची पानं वेडीवाकडी कापायचा, निम्मी वाया जायची. घामाघूम व्हायचे, पण तगमग बसेपर्यंत उठायचे नाहीत. मधे घसरले. घसरले तेही स्वतः येऊन सांगितलं, आणि मी दिलेला शब्द विसरून पोटभर शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कात्री घेऊन बसले. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे काही वर्षांनी, एका पौर्णिमेला, कोणी न सांगता ते विहारात उभे राहिले. लोकांना वाटलं, पाचवं म्हणतील. त्यांनी तिसरं म्हटलं, एकट्याने, मोठ्याने. एकही टाळी वाजली नाही. जाणते जमिनीकडे बघू लागले, बायकांनी पदर तोंडाला लावले. मी बायकांमधून उठले, सगळ्यांच्या देखत पुरुषांच्या बाजूला गेले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.