डिकीतली चादर

शर्टाची एक बाही इस्त्री करून झाली होती, दुसरी व्हायची होती, तेवढ्यात काकूंच्या मनात आलं, आधी गाडी सुरू होते का ते बघावं. होणारच नसेल तर कडक कॉलर घालून काका जाणार कुठे? त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, देवाचं नाव घेतलं आणि चावी घेऊन फाटकाशी गेल्या.

गाडीने एक लांबलचक उसासा टाकला, मग नुसतं टकटक केलं, मग तेवढंही नाही.

आत बनियनवर बसलेल्या काकांनी खिडकीतून विचारलं, "आज काय म्हणते?"

"कालचंच म्हणते," काकू म्हणाल्या.

काकांनी जन्मभर बस चालवली. भलीमोठी धुडं त्यांच्या हाताखाली निमूट चालली, आणि आता ही घरची चिमुकली गाडी सकाळी-सकाळी नाक मुरडत होती. त्यात त्यांचा डावा पाय. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तो त्यांचं ऐकत नव्हता, म्हणून गाडी आता काकू चालवत. रोज सकाळी लवकर व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे पोहोचलं तर तो हळूहळू वळणावर येईल अशी आशा होती. पण आज फोनवर बाईंनी शांतपणे सांगितलं, की उद्याही आला नाहीत तर ही वेळ रांगेतल्या दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. या टप्प्यावर खंड पडला तर पाय आखडून बसेल, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. काकूंनी फोन ठेवला आणि उरलेली बाही तशीच राहिली.

गाडीला काय झालंय हे सांगणारे खूप होते. शेजारचे मास्तर म्हणत थंडी. धाकटे दीर म्हणत पेट्रोलमध्ये भेसळ. मेकॅनिक म्हणाला बॅटरी उतरलीय, म्हणून नवी घातली, तर तिनेही दुसऱ्याच सकाळी मान टाकली. काकूंना प्रत्येकाचं पटायचं, हीच पंचाईत. मास्तरांचं ऐकून त्यांनी बॉनेटवर जुनं ब्लँकेट पांघरलं, दिरांचं ऐकून पेट्रोलपंप बदलला, आणि काकांचं ऐकून गाडीला चार शब्दही सुनावले.

खरा घोळ मात्र त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. ज्या दिवशी त्या सगळी कामं नीट आवरून, स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून झोपत, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी हमखास रुसे. आणि ज्या दिवशी दमून, सगळं आहे तिथेच टाकून, स्तोत्र अर्ध्यावर सोडून आडव्या होत, त्या सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू. देवाला आपली सेवा नकोशी झाली की काय, असं त्यांना वाटू लागलं. एकदा धीर करून त्यांनी स्तोत्र मुद्दाम टाळलं. तरीही गाडी बंदच. मग मात्र त्यांना काहीच कळेनासं झालं.

दुपारी मेकॅनिक आला. तो येण्याआधी काकूंनी नेहमीप्रमाणे डिकी रिकामी करून ठेवली होती. त्याने दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावून गाडी सुरू केली, थोडा वेळ चालू ठेवली, मग बंद करून मीटर जोडला. काटा ढिम्म. कुठे करंट खाल्ला जात असेल तर काटा हलायला हवा, असं त्याचं म्हणणं. वायरी तपासून झाल्या, रेडिओ काढून झाला. शेवटी तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "काकू, माझी मती गुंग झालीय. रात्री गाडी जशी ठेवता, अगदी तश्शी ठेवून दाखवा."

काकू घुटमळल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. संध्याकाळी घरात चालायचा सराव झाला की वॉकर चादरीत गुंडाळून डिकीत ठेवायचा, हा काकांचा हुकूम होता. ज्याने एवढ्या बस हाकल्या त्याच्या दारात ते लोखंड कुणाला दिसायला नको. मेकॅनिकलाही नको, म्हणून तो येण्याआधी गाठोडं न्हाणीघरात जायचं.

काकांनी खिडकीतून एकदा गाडीकडे, एकदा मेकॅनिककडे पाहिलं. मग म्हणाले, "ठेव. दाखव त्याला."

काकूंनी गाठोडं आणलं, आडवं सरकवलं आणि डिकीवर दोन्ही हातांनी जोर देऊन ती लावली. मीटरचा काटा उठला.

मेकॅनिकने कुलूप बघितलं, दारं बघितली, डोकं खाजवलं. डिकी उघडून तो आत डोकावला, काही दिसेना. पुन्हा लावली, काटा पुन्हा वर. चहा होईपर्यंत दोघं आळीपाळीने त्या काट्याकडे बघत राहिले. चहा पिऊन तो म्हणाला, गाठोडं काढा, पुन्हा पहिल्यापासून बघू.

काकूंनी चादरीला हात लावला आणि दचकल्या. एका कोपऱ्यात ती गरम होती, नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखी. सकाळी आपण चादरही इस्त्री केली का? इस्त्री तर केव्हाच बंद केली. त्यांनी वर पाहिलं. ऊब होती त्याच्या बरोब्बर वर डिकीतला इवलासा दिवा लागलेला होता. तो तर डिकी उघडली की लागतोच. पण मग चादर आधीच गरम कशी?

मेकॅनिकने मांडीवर थाप मारली. वॉकरची मूठ झाकणाला वर रेटत होती. कुलूप लागायचं, पण दिवा विझवणारं कडेचं बटण पुरतं दाबलं जात नव्हतं. रात्रभर दिवा बंद डिकीत जळायचा. दमलेल्या दिवशी मात्र वॉकर घरातच राहायचा. स्तोत्राचा काही संबंध नव्हता, हे काकूंना कळलं आणि देवाबद्दल इतके दिवस धरलेली अढी त्यांनी मनातल्या मनात सोडली.

"सोपं आहे," मेकॅनिक म्हणाला. "बल्ब काढून टाकतो. गाठोडं खुशाल डिकीत ठेवा."

"बल्ब राहू दे," खिडकीतून काका म्हणाले. "ते इकडे आण गं. चादर काढून आण."

भर दुपारी, मास्तर आपल्या गॅलरीत उभे असताना, काका वॉकर धरून दारातून पायरीपर्यंत आले आणि परत गेले. फरशीवर वॉकरचे पाय करकरत होते. मास्तर म्हणाले, "आवाज बसचाच येतोय." काका म्हणाले, "बाजूला व्हा मग."

काकूंनी चादर घडी केली, दुसरी बाही इस्त्री केली आणि पिशवी घेतली. वॉकरच्या पायांना रबरी टोपणं आणायची होती.